मूकपटातील अ‍ॅलिस अपुरी का वाटते?

प्रश्न : अ‍ॅलिसच्या अद्भुतनगरीवरील १९०३ सालचा इंग्लिश मूकपट नातीला दाखवला. नऊ-दहा मिनिटांत सारे आटोपले आणि तिला कथेचा धागाच सापडला नाही. मूळ चित्रपटच इतका तोकडा होता, की त्याचे भाग हरवले आहेत?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सेसिल हेपवर्थ आणि पर्सी स्टो यांचा हा चित्रपट मुळात सुमारे बारा मिनिटांचा होता. आज तो तोकडा वाटला, तरी तोवर इंग्लंडमध्ये एवढा लांब चित्रपट कोणी काढलेला नव्हता. त्याची एकच प्रत उरली, तीही बरीच खराब झालेली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१० साली तिची डागडुजी केली आणि आपण पाहिलेत ते हे उरलेले भाग.

मात्र नातीला धागा सापडला नाही, याचे कारण मला निराळे वाटते. ज्यावरून हा चित्रपट काढला, ते लुइस कॅरल यांचे पुस्तक १८६५ सालचे. चित्रपट आला तेव्हा इंग्लंडमधील मुले ते वाचतच वाढत होती आणि जॉन टेनियल यांनी काढलेली त्यातील चित्रे प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे होती. हेपवर्थ यांनी गोष्ट नव्याने सांगितली नाही, तर ठाऊक असलेली चित्रे हलती करून दाखवली. सशाच्या चिमुकल्या घरातला प्रसंग पाहा. इवलीशी होऊन आत शिरलेली अ‍ॅलिस एकाएकी मूळच्या उंचीची होते, तिथे अडकते आणि जादूच्या पंख्याने वारा घेऊ लागते. तिला पंखा वापरावा लागतो, एवढेच पडद्यावर येणारी मजकुराची पाटी सांगते. त्या पंख्याने माणूस आक्रसतो, हे पुस्तक वाचलेल्यालाच कळते. झुडपात प्रकटणारे मांजर तर हेपवर्थ यांच्या घरचे. त्याच्या तोंडावर पुस्तकातल्या हसऱ्या मांजराचे ते प्रसिद्ध हसू कुठून येणार? ते पाहणाऱ्याने आपल्या मनातून पुरवायचे असते, आणि मला या चित्रपटाची खरी गोडी त्यातच वाटते.

म्हणून माझी आग्रहाची विनंती अशी, की नातीला आधी पंख्याचा आणि सशाच्या घराचा भाग सावकाश वाचून दाखवावा, मांजराचे हसू तिला तिच्या हाताने काढू द्यावे आणि मग चित्रपट पुन्हा लावावा. खेळातल्या पत्त्यांच्या मिरवणुकीपाशी जरा थांबा. पत्ते होऊन चालणारी ती सारी तिच्यासारखीच मुले आहेत.