हरळी वाढवायची नोकरी

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हणालात, तर तो तुम्हाला क्रिकेटच्या मैदानावर सोडेल. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाचं लोकांच्या तोंडी बसलेलं नाव ते. तिथे रणजीचे सामने होतात. तसा गोल्फ आपल्याकडे नवा नाही, कोलकात्याचा क्लब १८२९ सालचा आहे. नवीन आहे तो त्यावर पोट भरायचा विचार. त्याबद्दलची चार पत्रं या वेळी घेतली आहेत.

बीएस्सी ॲग्री झालोय. एमपीएससीचे दोन प्रयत्न वाया गेले. गोल्फ कोर्सवर कृषी पदवीधर लागतात असं मित्र सांगतो, घरचे हसतात. खरं काय? (फलटण)

मित्राचं खरं आहे, आणि घरचे हसतात त्यातही चूक नाही. जी हरळी खणून काढताना तुमच्या आजोबांची कंबर मोडली, ती वाढवायचा पगार तुम्ही घेणार! गोल्फवाले ज्याला बर्म्युडा म्हणतात ती आपली हरळीच. ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, तिची संकरित जात असते. तिला बी धरत नाही, म्हणून कांड्या लावायच्या किंवा गवताची तयार लादी अंथरायची. खाली फूटभर वाळू, त्याखाली खडी आणि पाइप. ग्रीनवरची कापणी ३ ते ४ मिलिमीटरवर, म्हणजे मोअरचं, गवत कापायच्या यंत्राचं, पातं जरा खाली गेलं की ग्रीन सोललंच.

निचरा, हुमणी, लव्हाळा हे सगळे शब्द तुमच्या ओळखीचे. फरक एवढाच, की उसात तुम्ही टनेज मागता आणि इथे वाढ आवरायची असते. नत्र जास्त झालं की गवत माजतं, मग जुलैच्या झडीत बुरशी धरते. नवा माणूस मी पावसाळ्यातच पारखतो; जानेवारीत काय, सगळेच हुशार दिसतात.

पाण्याचा प्रश्न मात्र टाळू नका. अठरा होलचं, म्हणजे अठरा खड्ड्यांचं, मैदान साधारण ५० ते ६० हेक्टरचं, आणि दुष्काळी जिल्ह्यात त्यावर फवारे उडताना पाहून माणसं चिडतात, रास्तच चिडतात. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर मैदान हिरवं ठेवणं ज्याला जमलं, त्याला काम शोधत फिरावं लागणार नाही. ट्रेनी म्हणून लागा. पहाटे पाचला हजर राहायचं, आणि पहिलं वर्ष मोअर चालवणाऱ्या काकांच्या हाताखाली काढायचं. पदवी तेवढे दिवस खिशात ठेवा.

हॉटेल मॅनेजमेंट केलंय, फ्रंट ऑफिसला आहे. गोल्फचा बॉल कधी हातातही धरलेला नाही. गोल्फ क्लबात नोकरीला चालेल का? (पनवेल)

चालेल, पण फार दिवस नाही. दहा मिनिटांना चार खेळाडूंची एक चौकडी सोडली तर तासाला २४ माणसं मैदानात जातात आणि प्रत्येकाला चार-साडेचार तास लागतात. एक चौकडी रेंगाळली की मागची सगळी रांग तुंबते, लग्नाच्या पंगतीसारखी. तेव्हा निवृत्त कर्नलसाहेबांना “सर, जरा लवकर” म्हणायचं कसं, हे हॉटेलात शिकलेला माणूस चांगलं जाणतो. पण ते का रेंगाळले हे खेळल्याशिवाय कळत नाही. तुमच्याजवळच खारघरला सिडकोचं मैदान आहे, सदस्य नसतानाही पैसे भरून खेळता येतं. नियमांचा प्राथमिक अभ्यासक्रम आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहे. आधी हे दोन्ही करा, अर्ज नंतर.

मुलीला अमेरिकेत गोल्फ मॅनेजमेंटची पदवी घ्यायची आहे. घर तारण ठेवून कर्ज काढावं का? (कोल्हापूर)

नको. पदवी चांगली आहे. मिशिगनच्या फेरिस स्टेट विद्यापीठात ती १९७५ पासून शिकवतात. पण ती तिकडच्या पीजीएची, म्हणजे गोल्फ व्यावसायिकांच्या संघटनेची, सदस्य होण्याची वाट आहे, त्यात खेळाचीही परीक्षा द्यावी लागते. तुमच्या पत्रात फी आहे, व्याजदर आहे, मुलीचा हँडिकॅप, म्हणजे ती किती चांगलं खेळते ते सांगणारा आकडा, कुठेच नाही! दोन वर्षं तिला इथल्या मैदानावर काम करू द्या. शिकवायची आवड निघाली तर नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचे प्रशिक्षकांसाठीचे वर्ग आहेत. अनुभव गाठीशी आला की दुबईही लांब नाही. आखाती वाळवंटातलं गवताचं पहिलं मैदान तिथे १९८८ मध्ये झालं, आज आखातात गोल्फची बरीच मैदानं आहेत.

मी कॅडी आहे, खेळाडूंच्या काठ्यांची बॅग वाहतो, वय २६, बारावी पास. माझ्यासाठी पुढे काही आहे का? (पुणे)

आहे. गोल्फपटू एस. एस. पी. चौरसियांचे वडील कोलकात्याच्या त्याच जुन्या क्लबात ग्रीनकीपर, म्हणजे मैदानाची निगा राखणारे, होते, आणि मुलाने २००८ मध्ये इंडियन मास्टर्स स्पर्धा जिंकली. पण तुम्ही खेळाडू होण्याबद्दल विचारलेलं नाही, म्हणून कामाचं सांगतो. स्टार्टरची, म्हणजे चौकड्यांना वेळेवर खेळायला सोडणाऱ्याची, जागा मागा, तिथून कॅडीमास्टर, म्हणजे सगळ्या कॅडींचा प्रमुख. त्यासाठी एक्सेल आणि फोनवर बोलण्यापुरतं इंग्रजी लागेल. कुठल्या ग्रीनचा उतार फसवतो, पाऊस पडल्यावर पाणी कुठे साचतं, हे तुम्हाला पाठ असणार. एका वहीत होलवार लिहून काढा आणि ती वही घेऊन मॅनेजरना भेटा. सोमवारी जा. बहुतेक मैदानं त्या दिवशी देखभालीसाठी बंद असतात, साहेबांना बोलायला वेळ असतो.