एपीआय की गिटमध्ये गेली तर आधी काय करायचं

एपीआय की (एखादी ऑनलाइन सेवा वापरायची गुप्त किल्ली) पब्लिक रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या गिटच्या कोडसाठ्यात, पुश झाली असेल, तर फाइल डिलीट करून नवा कमिट (बदलाची नोंद) टाकत बसू नकोस. जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते, हिस्टरी उघडली की कुणालाही दिसते. आधी क्लाउडच्या कन्सोलमध्ये जाऊन ती रद्द कर, नवी काढ, मग मधल्या वेळात तिच्यावर काय काय उद्योग झाले ते लॉगमध्ये बघ. हिस्टरी साफ करणं त्यानंतर, निवांत. अशा एपीआय की हुडकणारे बॉट चोवीस तास फिरत असतात, त्यामुळे 'कुणी पाहिलं नसेल' हे डोक्यातून काढून टाक.

पुढच्यासाठी डॉट एन्व्ह फाइल (जिच्यात अशा गुप्त गोष्टी ठेवतात) गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत घाल आणि गिटलीक्स हे कोडमधल्या गुप्त की शोधणारं टूल प्री-कमिट हुकला लाव, म्हणजे प्रत्येक कमिटच्या आधी ते आपोआप चालेल. टीममधले जुनेजाणते कुरकुरतील, कुरकुरू देत.

दुसरं, डिपेन्डन्सी, म्हणजे आपला कोड ज्यांच्यावर चालतो त्या दुसऱ्यांच्या लायब्ररी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीमधली सुरक्षेची त्रुटी उघड झाली, तेव्हा पॅच लावणं दूरच, ती लायब्ररी आपल्याकडे कुठे कुठे आहे हे शोधतानाच अनेकांच्या नाकी नऊ आले. ती भलत्याच लायब्ररीच्या पोटात दडलेली असायची. म्हणून लॉकफाइल (कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती वापरली त्याची यादी) कमिट कर आणि लायब्ररींचे अपडेट सुचवणारा डिपेन्डाबॉट चालू ठेव. त्याच्या पुल रिक्वेस्ट (बदल कोडमध्ये घेण्याच्या विनंत्या) मात्र साठू देऊ नकोस, आठवड्यातून एकदा बसून निपटून टाक.