जोडीनं लग्नाचे फोटो काढताना

तुम्ही दोघं नवरा-बायको मिळून हे काम घेताय याचा मला खरंच आनंद आहे. फक्त जागा आधी ठरवा. अंतरपाट धरला की एकानं वराकडचा, दुसऱ्यानं वधूकडचा चेहरा कॅमेऱ्यात धरायचा. पडदा खाली येतो तेव्हा दोन्ही नजरा एकाच क्षणी मिळायला हव्यात, आणि ते एकट्याला जमत नाही. जोडीचा खरा फायदा इथेच.

गोव्यात फोंड्याकडच्या देवळांत सभामंडपात उजेड कमी असतो. जास्त उजेड आत घेणारी १.८ अपर्चरची ५० एमएम लेन्स सोबत असू द्या, गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवण्याआधी पुजाऱ्यांना विचारा. एसी खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावर नेलात तर काचेवर बाष्प धरतं. बॅग न उघडता अर्धा तास आधी बाहेर ठेवा. पावसाळ्यात लेन्सना बुरशी लागते, म्हणून हवाबंद डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल हवंच.

जेवायला आळीपाळीनं बसा. कितीही थकलात तरी मेमरी कार्डं दोन हार्ड डिस्कवर उतरवल्याशिवाय झोपू नका. पैशांचं बोलणं एकानंच करावं, नाहीतर पाहुणे दोघांकडून दोन दर काढतात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. आगाऊ रक्कम हाती आल्याशिवाय तारीख अडवू नका.