मेंदूतली प्रथिनं आणि आपले गैरसमज: वाचकांची प्रश्नोत्तरे

पार्किन्सन आणि अल्झायमरबद्दलच्या पत्रांत प्रथिनांचा तोच गोंधळ वारंवार येतो. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहे.

प्रोटीन पावडर घेतल्यानं मेंदूत प्रोटीन साचतं का? (घणसोली)

नाही. खाल्लेलं प्रोटीन पोटात पचतं. मेंदूतली प्रथिनं मेंदूच्या पेशीच बनवतात. किडनीचा त्रास असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर घेऊ नका.

सोसायटीतल्या शिबिरात 'अल्झायमरची रक्तचाचणी' सवलतीत आहे. वय ४५, त्रास काही नाही. करू का? (घोडबंदर रोड)

नको. पी-टाऊ २१७ ही, रक्तातल्या टाऊ प्रथिनाचा एक प्रकार मोजणारी चाचणी खरी आहे, पण ती लक्षणं असलेल्यांसाठी आणि तज्ज्ञानं तपासल्यावर. किडनी कमजोर असली तरी तिचा आकडा वाढतो. त्रास नसताना 'पॉझिटिव्ह' आलं तर पुढे काय करायचं, हे पॅकेज विकणारा सांगत नाही. पुढे कधी विसरायला होऊ लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी आधी होऊ द्या.

वडील (६६) पाच वर्षं झोपेत ओरडतात, लाथा झाडतात. वास येत नाही, पोट साफ होत नाही. शेजारी म्हणतात, वयोमानानं होतं. (कळवा)

शेजाऱ्यांचं ऐकण्यात पाच वर्षं गेली, आता एक आठवडाही घालवू नका. स्वप्न पडताना हातपाय एरवी निपचित असतात. तसे ते राहत नाहीत, तेव्हा उतारवयात त्यामागे बऱ्याचदा पार्किन्सनमधलं अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन असतं. ते मुळात कामाचं आहे. चेतापेशीच्या टोकाशी रासायनिक संदेशांच्या बारीक पिशव्या असतात. त्यांच्यावरच्या व्हॅम्प-२ प्रथिनाला धरून ते या पिशव्या एकत्र ठेवतं. त्याची घडी चुकली की गुठळ्या होतात आणि आजूबाजूचे चांगले रेणूही तसेच बिघडतात. पेशीतल्या सूक्ष्मनलिकांना आधार देणारं टाऊ आणि अल्झायमरमधलं बीटा-अमायलॉइडही यात ओढली जातात. प्रयोगांत ही प्रथिनं एकमेकांच्या गुठळ्या वाढवताना दिसली आहेत. त्यामुळे एकाच रुग्णाच्या मेंदूत दोन-तीन प्रकारच्या गुठळ्या सापडतात आणि 'पार्किन्सन की अल्झायमर?' याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

न्यूरोलॉजिस्टना दाखवा. झोपेची व्हिडिओसह तपासणी लागेल. तोवर पलंगालगत खाली गादी टाका, काचेच्या वस्तू लांब ठेवा. चालू गोळ्यांची यादी न्या: नैराश्यावरच्या काही औषधांनी हा त्रास वाढतो, पण मनानं एकही बंद करू नका. पुढे भास होऊ लागले आणि रात्री-अपरात्री इमर्जन्सीत जावं लागलं, तर हा इतिहास आधी सांगा. लेवी बॉडीचा, म्हणजे याच प्रथिनाच्या गुठळ्यांचा आजार असेल, तर भासांवरचं हॅलोपेरिडॉलसारखं इंजेक्शन जिवावर बेतू शकतं.

आईची पार्किन्सनवरची लेव्होडोपाची गोळी दुपारी लागू पडत नाही. (नेरूळ)

जेवणानंतर देत असाल. डाळ, पनीर, अंडी यांतली अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा एकाच वाटेनं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातात; गर्दीत औषध मागे पडतं. जेवणाआधी अर्धा ते एक तास द्या, मळमळलं तर सोबत एखादं बिस्कीट. डाळ बंद करू नका, गोळी तर एकदम मुळीच नाही. आठवडाभर गोळीची, जेवणाची आणि ताठरपणाची वेळ लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.