एकच लाइन, एकच माणूस

प्रश्न : जुन्या बुलेटिन बोर्डांवर म्हणे एका वेळी एकालाच शिरता यायचं. मग तिथे माणसं एकमेकांना भेटायची कशी? त्याला समुदाय तरी का म्हणायचं?
– एक वाचक

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. बोर्ड म्हणजे बहुधा कोणाच्या तरी घरचा संगणक; लोक आपल्या संगणकावरून त्याला फोन लावून संदेश वाचत आणि टाकत. बहुतेक बोर्डांना एकच फोन लाइन असे. आत कोणी असलं की बाकीच्यांना एंगेज टोन. पहिला बोर्ड शिकागोचा. जानेवारी १९७८ मधल्या हिमवादळात वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी तो रचायला घेतला, १६ फेब्रुवारीला तो सुरू झाला. डोळ्यांपुढे होता त्यांच्या संगणक क्लबमधला चिठ्ठ्या टाचायचा फलक. चिठ्ठी लावणारा आणि वाचणारा एकाच वेळी तिथे असायची गरजच नव्हती.

संगणक ठेवला सूसच्या घरी, कारण शहरात कुठूनही तिथला फोन स्थानिक दरात लागे. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. लांबचे कॉल महाग, त्यामुळे अशा बोर्डांवर येणारे बहुतेक आसपासचेच असत. टोपणनावाने कडाडून भांडलेला माणूस पुढच्या मेळाव्यात समोर येऊन बसण्याची शक्यता असे. जिभेला त्याने आपोआप लगाम बसतो.

वेगही बघा. संगणकाला फोन लाइनशी जोडणारा ३०० बॉड वेगाचा मोडेम सेकंदाला साधारण ३० अक्षरं आणायचा. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा भरायला मिनिटाहून जास्त लागे. शिवाय बाहेर कोणीतरी पुन्हा पुन्हा नंबर फिरवत असणार. म्हणून लोक वाचून फोन ठेवत आणि उत्तर दुसऱ्या दिवशी टाकत. एकेक वाद आठवडाभर पुरायचा.

आणि ‘एकच माणूस’ म्हणताना सिसॉपला, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्याला, विसरू नका. यंत्र त्याच्या घरात, फोनचं बिल त्याच्या नावावर. आलेल्याशी तो आपल्या कीबोर्डवरून थेट गप्पा सुरू करू शके. नवख्याचं स्वागत, उद्धटाची हकालपट्टी, सगळं तोच बघायचा, तेही बहुतेकदा पदरमोड करून.

१९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांच्या फिडोनेटने बोर्डांनाच एकमेकांना फोन करायला लावलं. रात्री दर उतरले की ठरलेल्या तासात यंत्रं पत्रांचे गठ्ठे पुढे धाडत. पुढे एकोमेल या बोर्डाबोर्डांत फिरणाऱ्या सामायिक चर्चांच्या सोयीमुळे एका शहरातली चर्चा दुसऱ्या शहरातही वाचता येऊ लागली. पसारा वाढला, विषय वाढले. पण समुदाय म्हणून मला विचाराल, तर जवळीक त्या आधीच्या एका शहरापुरत्या बोर्डांवरच जास्त होती.