मोठ्या सरकारी विद्यापीठात आदिवासी भागातून आलेल्या विद्यार्थ्याला खरंच सामावून घेतात का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही धडगावकडचे, घरी पावरी बोलता, शाळा आश्रमशाळेत झाली, आणि आता एम.ए.ला एका मोठ्या सरकारी विद्यापीठात नंबर लागलाय. माहितीपत्रकात 'समान संधी कक्ष' असं छापलेलं दिसलं, पण प्रत्यक्षात तिथं कसं वागवतात, हे तुम्हाला हवंय.

मी किनवट तालुक्यातल्या तांड्यावरची. अशाच एका विद्यापीठात एम.ए. आणि पीएच.डी. धरून आठ वर्षं काढली. नाव मुद्दाम लिहीत नाही.

प्रवेशाची बाजू कायद्याने पक्की आहे, तिची चिंता सोडा. चिंता करायची ती पहिल्या तीन-चार महिन्यांची. आमच्या वर्गातून जे चौघं गळाले ते नापास होऊन गेले नाहीत. दिवाळीला गावी गेले आणि परत आलेच नाहीत. दोघांचं कारण मेसचं बिल होतं आणि दोघांचं भाषा.

आधी भाषेचं सांगते, कारण त्याबद्दल कुठल्याच माहितीपत्रकात काही नसतं. पहिल्याच सेमिनारमध्ये मी 'पानी' म्हणाले. मागच्या बाकावरून कुणीतरी 'पाणीऽऽ' असं ण ओढून म्हटलं आणि चार-पाच जण हसले. शिवी नाही, जातीचं नाव नाही, तक्रार करायची तर कशाची? पण त्यानंतर दोन महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. माझी घरची बोली गोरमाटी, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची बोली, मराठी मी शाळेत शिकले. म्हणजे हसणाऱ्यांपेक्षा एक भाषा मला जास्त येत होती, हे कळायला पुढं दोन वर्षं गेली. त्यात वाचायची सगळी यादी इंग्रजीत. लातूरकडच्या एका सीनियर दादानं तोडगा काढला होता. रात्री जेवण झालं की वसतिगृहाच्या गच्चीवर आठ-दहा जण बसायचे, एकानं परिच्छेद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं आपल्या बोलीत सांगायचा. वऱ्हाडीत, अहिराणीत, गोरमाटीत, जशी येईल तशी. मुलींच्या वसतिगृहाला रात्री कुलूप लागायचं, म्हणून आम्ही आमची वेगळी बैठक जिन्यात सुरू केली. मला सिद्धांत तिथं समजले. असा गट जवळजवळ प्रत्येक विद्यापीठात असतो. नोटीस बोर्डावर सापडत नाही, मेसमध्ये विचारलं की सापडतो.

आता पैसे. सरकारी आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. राहण्याजेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी अशीच स्वाधार योजना आहे. पण पैसे येतात हप्त्यांनी, कागद तपासून, आणि मेसवाला मागतो महिन्याच्या पाच तारखेला. हे मधलं अंतर भरून काढायला निदान दोन-तीन महिन्यांची सोय हाताशी ठेवा. घरून शक्य नसेल तर 'कमवा आणि शिका'त पहिल्याच आठवड्यात नाव द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेली ही कल्पना आता बहुतेक विद्यापीठांत आहे. मी रोपवाटिकेत काम केलं. खोटं कशाला बोलू, हातात पाइप घेऊन झाडांना पाणी घालताना वर्गातली मैत्रीण समोरून आली की मी कुंड्यांमागं वाकायचे. नंतर लाज गेली. पण ज्यांना त्या कामाची गरज पडत नाही त्यांनी 'श्रमाची प्रतिष्ठा' शिकवायला लागलं की आजही डोकं फिरतं.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०१ला, त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं आणि पुढं एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहत गेली, हे फार कुणी सांगत नाही. मुलाला शहरात खायला आणि झोपायला जागा नसेल तर राखीव जागेचा उपयोग काय, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

तुम्हाला 'कॅटेगरीवाले' या एकाच पोत्यात घालणारे भेटतील. फीच्या रांगेत मला एकानं 'तुम्हाला कुठं फी असते' असं ऐकवलं. अशा वेळी मी माझ्या मामेभावाचं उदाहरण देते. आम्ही बंजारा. महाराष्ट्रात आम्ही विमुक्त जाती (अ), वाटा ३ टक्के. केंद्राच्या यादीत ओबीसी. सीमेपलीकडं तेलंगणात आदिलाबादला राहणारा माझा मामेभाऊ अनुसूचित जमातीत, आणि कर्नाटकातले आमचे लोक अनुसूचित जातीत. याडी (आई) एकच, बोली एकच, दाखले चार. हे ऐकलं की समोरचा निदान पाच मिनिटं गप्प बसतो. तुमच्या बाबतीत एवढा घोळ नाही, राज्यात ७ टक्के आणि केंद्रात साडेसात, दोन्हीकडं अनुसूचित जमातच. फक्त जात वैधता प्रमाणपत्र अजून हातात नसेल तर त्याच्या मागं आत्ताच लागा.

समान संधी कक्षाबद्दल थेट विचारलंय म्हणून सांगते. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१२ साली नियम केले, त्यानुसार विद्यापीठात असा कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असावा लागतो. आमच्याकडं कक्षाला खोली होती, पाटी होती आणि एक फारच भल्या मॅडम होत्या, ज्यांच्याकडं आणखी तीन खात्यांचा कार्यभार होता. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. तोंडी सांगू नका, अर्ज करा, आणि झेरॉक्सवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घ्या. शिक्का पडला की कागदाला उत्तर द्यावं लागतं. त्याच शिक्क्याच्या जोरावर माझ्या अंध मैत्रिणीला परीक्षेत लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जास्तीचा वेळ मिळाला. दोन्ही तिच्या हक्काचंच होतं, पण आधी तिला 'बघू' एवढंच ऐकायला मिळत होतं. व्हीलचेअरवरच्या एका मुलाची गोष्ट याहून भारी. ग्रंथालयाला रॅम्प होता, उत्तम होता, पण वरच्या दाराला कुलूप आणि किल्ली रात्रपाळीच्या वॉचमनकडं. अर्ज, शिक्का, अठरा दिवस, मग कुलूप निघालं.

कुणी जातीवरून थेट अपमान केला तर मात्र कक्षापाशी थांबू नका. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि तो विद्यापीठाच्या गेटच्या आतही लागू आहे. त्या दिवशी तिथं कोण कोण होतं, हे त्याच रात्री लिहून ठेवा.

चांगलंही खूप मिळेल, त्याबद्दल थोडक्यात लिहिते कारण ते तुम्हाला आपोआप भेटेलच. माझी आजची सगळ्यात जवळची मैत्रीण सदाशिव पेठेतली आहे. पहिल्या वर्षी 'पाणी'वर हसणाऱ्यांत ती होती. तिनंच दुसऱ्या वर्षी हे मला सांगितलं, मला तर माहीतही नव्हतं.

तुमच्याकडून येणारी रात्रीची एसटी बहुतेक पहाटेच पोचेल आणि वसतिगृहाचं ऑफिस साडेदहाशिवाय उघडत नाही. गेटवर बसून राहू नका. पेटी वॉचमनकडं ठेवा आणि मेसमध्ये जाऊन चहा घेत बसा, नाश्त्याला सगळे तिथंच येतात.