नॉट, सागरी मैल आणि मतलई

प्रश्न : विमान उतरतानाचा वेग 'ताशी 140 नॉट' लिहावा की 'ताशी 140 नॉट्स'? नॉटला मराठी शब्द आहे का? आणि 'पायलट' म्हणावं की 'वैमानिक'?

उत्तर : 'ताशी नॉट' आणि 'ताशी नॉट्स', दोन्ही चूक. आधी ते 'ताशी' खोडा. नॉटच्या पोटात तास बसलेलाच आहे. तासाला एक सागरी मैल या वेगालाच नॉट म्हणतात. 'ताशी नॉट' म्हणजे पिवळं पीतांबर. खरं तर त्याहून वाईट, कारण पीतांबराला पिवळं म्हटल्याने काही बिघडत नाही, इथे मात्र काटेकोरपणे पाहिलं तर वेग जाऊन त्वरण येतं. अरबी समुद्रात वादळ उठलं की वाहिन्यांवर 'ताशी साठ नॉट' सुरू होतं आणि माझं टीव्ही पाहणं संपतं. राहिलं अनेकवचन. आपण 'पाच फूट', 'दहा मैल' म्हणतो, तसंच '140 नॉट'. किलोमीटरमध्ये सांगायचं तर ताशी सुमारे 259.

सागरी मैल वैमानिकांनी का धरून ठेवला, हे पृथ्वीच्या गोलाकडे पाहिलं की कळतं. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग, म्हणजे एक मिनिट, साधारण एक सागरी मैल. 1929 साली मोनॅकोच्या परिषदेत तो 1852 मीटर असा पक्का झाला. मुंबईचा विमानतळ 19 अंश 5 मिनिटं उत्तरेला. एकोणीस गुणिले साठ अधिक पाच : विषुववृत्तापासून 1145 सागरी मैल. किलोमीटरने हे तोंडी करून दाखवा. उंची मात्र फुटांत, दृश्यमानता मीटरमध्ये, हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये. अशी खिचडी आपल्याकडे रोज शिजते आणि विमानं व्यवस्थित उतरतात, तेव्हा त्यात पडायला नको.

मराठी शब्द? 'गाठ'! नॉट म्हणजे दोरीची गाठच. जहाजाच्या मागे लाकडाची फळी सोडायची, तिला बांधलेल्या दोरीवर 47 फूट 3 इंचांच्या अंतराने गाठी. 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईस्तोवर हातातून जितक्या गाठी सरकतील तितके नॉट. 'सागरी मैल प्रति तास' हा प्रतिशब्द सुचवणाऱ्यांचं व्याकरण निर्दोष आहे, पण तो पुरता उच्चारेपर्यंत धावपट्टी संपेल. 'गाठ' आता रुजणार नाही हे मलाही कळतं. नॉटच लिहा.

पण नॉटमध्ये फक्त विमानाचा वेग मोजत नाहीत, वाराही मोजतात, आणि खरी गंमत तिथे आहे. धावपट्टीचा आकडा सांगतो विमानाचं नाक कुठे. वाऱ्याचा आकडा सांगतो वारा कुठून. मुंबईची 27 क्रमांकाची धावपट्टी म्हणजे नाक 270 अंशांवर, पश्चिमेला. त्याच वेळी 'वारा 270, 12 नॉट' असं सांगितलं, तर तो पश्चिमेकडून, थेट समोरून येतोय. म्हणून तर विमानं घाटकोपरवरून येऊन उतरतात आणि उडताना समुद्राकडे जातात. वारा उलटून पूर्वेचा झाला, 090 झाला, की तीच पट्टी दुसऱ्या टोकाने वापरायची, मग तिचं नाव 09.

या 090 च्या वाऱ्याला आपल्याकडे फार सुंदर नाव आहे : मतलई. शाळेत सगळ्यांनी 'खारे वारे, मतलई वारे' घोकलं, दिवसा समुद्रावरून आणि रात्री जमिनीवरून असं लिहून दोन गुण मिळवले, पण मतलई म्हणजे काय हे मास्तरांना कोणी विचारलं नाही. निम्मा वर्ग तर त्याला 'मतलबी' म्हणायचा. माझं म्हणणं असं, की हा अरबी 'मत्लअ'. मत्लअ म्हणजे उगवण्याची जागा. गझलेचा पहिला शेर तो मतला, तोच हा शब्द! अरब दर्यावर्दी होकायंत्राच्या तबकडीचे बत्तीस भाग करत आणि त्यांना ताऱ्यांची नावं देत. पूर्वेकडच्या अर्ध्या भागात तो तारा उगवतो ते 'मत्लअ', पश्चिमेकडे मावळतो ते 'मगीब'. उगवतीकडून येणारा वारा तो मतलई. कोकण किनाऱ्यावर उगवती म्हणजे जमीन, म्हणून मतलई हा जमिनीचा वारा ठरला. पहाटे तो पाठीशी घेऊन होड्या बाहेर पडायच्या, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत.

एका जाणकारांनी मला ठासून सांगितलं की हा शब्द 'माती'वरून आला, मातीवरून येणारा वारा म्हणून. मग 'लई' कुठून आलं? फार मातीचा म्हणून? व्युत्पत्ती म्हणजे अर्थ पाहून मागे जोडलेली शेपटी नव्हे. ओमानच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो. तिथे उगवतीचा वारा समुद्रावरून येणार. शब्द दिशेचा आहे, जमिनीचा नाही, आणि जमिनीचा अर्थ त्याला इथे येऊन चिकटला. आपल्या समुद्राच्या भाषेत असे पाहुणे पुष्कळ आहेत : सुकाणू अरबी, खलाशी अरबी, नाखवा फारसी, मोसमी वाऱ्यातला 'मोसम' पुन्हा अरबीच. परिभाषा घडवणाऱ्यांना मात्र हे शब्द गावठी वाटतात. ते संस्कृत कोश उघडून बसतात आणि वेसावे-वरळीच्या कोळीवाड्यात जो शब्द जिवंत आहे त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. वाऱ्याचं काम ज्यांच्या पोटाशी बांधलेलं, त्यांना विचारा ना.

'पायलट' की 'वैमानिक' हेही विचारलं होतं. दोन्ही चालतं. पायलटचं मूळ ग्रीकमधल्या वल्ह्याच्या शब्दापर्यंत नेतात, म्हणजे तोही मुळात होडीवरचाच माणूस.